बाळ पोहोचते, निरोप वाटेतच राहतो

नारायणगडाच्या परंपरेत वाढलेल्या माणसास सप्ताहातील वीणेचा नियम सांगावा लागत नाही. सात दिवस अहोरात्र नामघोष चालतो, पहारे बदलतात, परंतु वीणा भूमीवर टेकत नाही. नवा वीणेकरी समोर येऊन नमस्कार करतो, जुना आपल्या गळ्यातील वीणा त्याच्या गळ्यात घालतो आणि मगच बाजूस होतो. घेणारा आल्यावाचून देणारा हलत नाही. भजनाच्या बाबतीत जी दक्षता बीड जिल्ह्यातील साधा शेतकरी पाळतो, ती अत्यवस्थ बालकाच्या बाबतीत पदवीधरांनी भरलेली आमची रुग्णालये पाळतात काय?

गडाच्या परिसरातील एखाद्या वस्तीवर कमी वजनाचे अर्भक जन्मास आले आणि दुसऱ्या दिवशी त्यास धाप लागली, असे समजा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत जाते, तेथून बीडच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षात, आणि प्रकृती ढासळलीच तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरात. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर व परिचारिका यांच्या पाळ्या बदलतात, त्या निराळ्याच. दोन दिवसांत हे बाळ डझनभर हातांतून जाते. त्याच्याबरोबर जाते काय? पुष्कळदा एक चिठ्ठी, आणि तीवर ‘पुढील उपचारार्थ पाठविले’ एवढाच मजकूर! प्रतिजैविक कोणते दिले, किती दिले, किती वाजता दिले. झटका शेवटचा केव्हा आला. रक्ताचा कोणता तपास पाठविला असून त्याचा अहवाल कोणी मागवावयाचा, यांपैकी काहीच तीत नसते. मग तीच मात्रा दोनदा दिली जाते, किंवा दुसऱ्याने दिली असेल या समजुतीने एकदाही दिली जात नाही. प्रौढ रोगी निदान ‘मला आत्ताच इंजेक्शन दिले’ असे बोलू तरी शकतो. अर्भकास ती सोय नाही. शिवाय त्याची मात्रा वजनावर ठरते; दशांशचिन्ह एक घर सरकले की औषध दसपट होते.

हे केवळ आमच्या दरिद्री व्यवस्थेचे दुखणे आहे, असे मात्र कोणी मानू नये. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेली मुले अतिदक्षता विभागाच्या स्वाधीन करताना जो गोंधळ होई, तो निवारण्यासाठी तेथील डॉक्टरांनी फेरारीच्या मोटार-शर्यतीच्या पथकाकडे धडे घेतले. सूत्रे एकाच्या हाती, प्रत्येकाचे काम नेमलेले, आणि एक बोलत असता इतरांनी मौन पाळावयाचे, अशी शिस्त बसवल्यावर चुका कमी झाल्याचे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. अमेरिका व कॅनडा येथील नऊ बालरुग्णालयांतील १०,७४० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१४ साली पुढे आला. प्रकृती किती गंभीर, आजवरचा वृत्तांत काय, कोणती कामे उरली, काय बिघडू शकते व बिघडल्यास काय करावे, हे ठरलेल्या क्रमाने सांगावयाचे. आणि शेवटी घेणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत बोलून दाखवावयाचे. एवढ्याने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. डॉक्टरांचा वेळही अधिक गेला नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्यानंतर औषधे, खाटा आणि रिक्त पदे यांचा ऊहापोह झाला व तो होणे योग्यच होते. अनेक रुग्ण दूरवरून अत्यवस्थ स्थितीत आले होते, असा खुलासा प्रशासनाने केला. त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु अत्यवस्थ अर्भक दूरवरून येते, ही जर नित्याची वस्तुस्थिती असेल, तर त्याच्याबरोबर कोणती माहिती यावी हे ठरविणे नित्याचे कर्तव्य का मानले जात नाही?

मनुष्यबळच नाही, असे उत्तर येईल. परिचारिकेवर पडणारा बोजा आम्ही जाणतो आणि तिला दोष देण्याचे आमच्या मनातही नाही. पण पाळी संपताच तिने निघावे आणि दुसरीने त्याच क्षणी यावे, असे वेळापत्रक तिने आखलेले नाही. दोन पाळ्या पाव तास एकमेकींवर चढवाव्यात, तो पाव तास कामाचा म्हणून मोजावा, आणि बाळाच्या खाटेशीच उभे राहून देवघेव व्हावी. जिल्ह्यातील सर्व केंद्रांसाठी एकच एकपानी नमुना असावा. त्यात वजन, औषध, मात्रा व वेळ यांचे रकाने कोरे ठेवता येऊ नयेत. बाळ निघण्यापूर्वी दूरध्वनी व्हावा. बाळाचे पुढे काय झाले, हे वरच्या रुग्णालयाने त्या लहानशा केंद्रास उलट कळवावे. नाहीतर तेथील डॉक्टर आपली चूक शिकणार तरी कोठून?

आणि आईला दाराबाहेर उभे करू नये. ती ऊसतोडीला जाणारी असेल, तिला लिहिता येत नसेल. परंतु बाळाने शेवटचे दूध केव्हा ओढले आणि रात्री त्याचा रंग केव्हा बदलला, हे त्या इमारतीत तिच्याइतके कोणास ठाऊक नसते. यांपैकी कशासाठीही नवे यंत्र नको, निविदा नको. जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनात आणले, तर बीडच्या कक्षात उद्याच्या पहिल्या पाळीपासून याचा प्रारंभ होऊ शकतो.