पिकतं तिथेच शिजू द्या

शाळेच्या पोषण आहारात गावात पिकलेलं धान्य, डाळ आणि फळं वापरा, असं म्हटलं की बीड जिल्ह्यात ठरलेलं उत्तर मिळतं : ‘इथे पाचवीला पुजलेला दुष्काळ. पिकतं काय आणि शाळेला देणार काय?’ त्यामागोमाग आणखी तीन आक्षेप येतात. एकगठ्ठा खरेदी स्वस्त पडते, गावाच्या हाती पैसा दिला की खाबुगिरी होते, आणि मुलं भाकरीला तोंड लावत नाहीत. यातल्या प्रत्येक आक्षेपात थोडं तथ्य आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी दुष्काळाचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, हे प्रधानमंत्री पोषण योजनेचं प्रमाण आहे. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेला रोज दोन किलो डाळ लागते; २०० दिवसांची चार क्विंटल. त्यासाठी पाच-सहा क्विंटल तूर पुरते. बऱ्या पावसाच्या वर्षी आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू रानात दोन एकरांतही तेवढी निघते. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि भाजी मिळत नाही, हे खरं. मग त्या महिन्यांत मोडाची मटकी आणि हुलगे वाढावेत. वाळलेल्या परसबागेचे फोटो जोडून कागद रंगवू नयेत.

स्वस्ताईचा हिशेबही पुरता मांडायला हवा. ग्रामीण शाळांना डाळी, तेल, मसाले शासनाने नेमलेला पुरवठादार पोचवतो. शाळेच्या हाती उरतो तो मुख्यतः इंधनाचा आणि भाजीपाल्याचा पैसा. इथली तूर अडतीवरून डाळमिलला जाते आणि हमाली, भाडं, नफा अंगावर घेऊन पाकिटातून त्याच गावात परत येते. त्या फेऱ्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? मे २०२५ पासून धान्य सोडून इतर साहित्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. इतक्या तुटपुंज्या रकमेतला एक पैसाही वाटेत सांडणं परवडणारं नाही.

खाबुगिरीची आणि हलगर्जीची भीती मात्र खोटी नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेलं शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. पण त्यातून शिकायचं ते तपासणीबद्दल. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखावं, नमुने प्रयोगशाळेत तपासावेत, असं २०१५ चे नियम सांगतात. माल कुठूनही येवो, ते पाळावेच लागतील. शिवाय दूरच्या पुरवठादाराची डाळ किडकी निघाली तर मुख्याध्यापक पत्र लिहितो आणि उत्तराची वाट पाहतो. गावच्या बचत गटाची डाळ किडकी निघाली तर त्याच दिवशी पोरांच्या आया शाळेच्या दारात येतात.

राहिली भाकरी. महिन्याला २,५०० रुपयांच्या मानधनावर शंभर मुलांच्या भाकरी थापा, असं स्वयंपाकी बाईला सांगणं हा अन्यायच. पण बाजरीची खिचडी होते, ज्वारीच्या कण्या शिजतात. बाजरीचं पीठ काही दिवसांत कडू पडतं, म्हणून ते लांबून आणून साठवण्यात अर्थ नाही. धान्य गावातच घ्यावं आणि लागेल तसं भरडावं. बालाघाटाच्या सीताफळाचंही तसंच. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिकलं की ते दोन-तीन दिवसही तग धरत नाही. ज्या फळाला लांबचा प्रवास सोसत नाही, त्याला शाळेइतकं जवळचं गिऱ्हाईक दुसरं कुठलं?

खरा अडथळा पैशाचा आणि अधिकाराचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं देण्याचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये हात आखडता घेऊन अंड्यांचा खर्च लोकसहभागावर सोडला. बीडमध्ये हा लोकसहभाग कोण देणार? दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन आईबाप कारखान्यांच्या फडावर जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या लेकरांसाठी शाळेचं जेवण हा दिवसाचा मोठा आधार असतो. त्या लेकरांच्या अंड्यासाठी त्यांच्याच गावाकडे झोळी पसरणं शासनाला शोभत नाही.

ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला. शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालावर खर्च झाला पाहिजे, असं बंधन घातलं. आपल्या योजनेतही शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना उत्तेजन देण्याची भाषा आहे. पण भाषेला टक्केवारी नाही, तरतूद नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. डाळी आणि भरडधान्याच्या खरेदीचा ठरावीक हिस्सा तालुक्यातल्या उत्पादकांसाठी राखून ठेवा आणि हमीभावाच्या खाली घेऊ नका. आठवड्यातला एक दिवस तांदळाऐवजी बाजरी किंवा ज्वारी द्या. शंभर मुलांच्या शाळेला त्यासाठी वर्षाला चार क्विंटल पुरतात. बचत गटांची बिलं महिन्याच्या आत चुकती करा, कारण उधारीवर माल देण्याची त्यांची ऐपत नाही. आणि अंड्यांचा खर्च पुन्हा सरकारी तिजोरीतून करा.

जिल्हा परिषदेने हा प्रस्ताव राज्याकडे पाठवावा. ती पाठवत नसेल तर ग्रामसभांनी ठराव करून तिला पाठवायला लावावं. ऊसतोडीला जाणारी गावं दिवाळीनंतर ओस पडतात, म्हणून हा ठराव त्याआधीच्या ग्रामसभेत झाला पाहिजे.