नाव सांगून घर घ्या



वस्तीत हल्ली नळावर दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला बदलापूर येतं. अमक्यानं कात्रपला घेतलं, तमक्यानं शिरगावात वन बीएचके बुक केला. घेणारा पेढे वाटतो आणि न घेणारा त्याच्या पाठीमागं म्हणतो, पळाला साला चळवळ सोडून. मला दोघांचंही पटत नाही. मी गोदीत हमाली करणारा माणूस. मॅट्रिक झालो, कविता करतो, शिवडीला पोर्टाच्या जमिनीवर दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो. आमच्या घरातही शिरगावच्या फ्लॅटचा कागद येऊन पडलाय. तेव्हा हा हिशेब उगाच बसल्या बसल्या मांडलेला नाही.

आधी जमेची बाजू. शिरगावच्या घरात संडास आहे आणि त्याला आतून कडी आहे. हे वाचून ज्याला हसू येईल, त्यानं पहाटे डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आपल्या बहिणीकडं एकदा बघावं, मग क्रांतीवर बोलावं. तिथं बारावीच्या पोरीला दार लावून अभ्यास करता येतो. म्हातारीला खोकल्याची उबळ आली तर चार घरं जागी होत नाहीत. घर आपल्या नावावर होतं. इथं तीन पिढ्या राहूनही जमीन पोर्टाची म्हणजे केंद्राची, म्हणून राज्याची झोपडपट्टी योजना तिथं सहज लागत नाही. नोटीस कधी येईल याचा नेम नाही.

दुसरं, ज्या कामासाठी आपण गोदीला चिकटून राहिलो ते कामच उठून चाललंय. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि बोटी खाडीपलीकडं वळल्या. जो माल उतरवायला टोळ्याच्या टोळ्या लागायच्या, तो कंटेनरमधून क्रेननं उतरतो. बोटच गेली तर धक्क्याजवळ राहून करायचं काय?

आता खर्चाची बाजू. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. घरापासून धक्क्यापर्यंत जायला दोन तास, यायला दोन. महिन्याचे पंचवीस रोज धरले तर शंभर तास, वर्षाला बाराशे. म्हणजे वर्षातले पन्नास दिवस, रात्रींसकट, गाडीत उभे. या पन्नास दिवसांत कोणाचं वाचन गेलं, कोणाची युनियनची मीटिंग गेली, कोणाची कविता गेली. दलाल हा आकडा सांगत नाही. तो फक्त 'स्टेशनपासून दहा मिनिटं' म्हणतो.

आणि गाडी कशी? कल्याणच्या पुढं वर्षानुवर्षं दोनच रूळ. त्यावरूनच मेल, त्यावरूनच मालगाडी आणि त्यावरूनच आपली लोकल. तिसऱ्या-चौथ्या लाईनला मंजुरी २०१९ची. माणसं मात्र मंजुरीची वाट बघत थांबली नाहीत. कुळगाव-बदलापूर २००१च्या जनगणनेत ९८ हजारांच्या आत होतं, २०११ला १ लाख ७४ हजारांवर गेलं. पुढं किती टॉवर उठले ते गाडीच्या दारातून दिसतं, म्हणजे दारात उभं राहायला जागा मिळाली तर. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या लोकलींच्या दारातली माणसं रुळावर पडली आणि मेली. त्यातली एक लोकल कर्जतहून येत होती. शिरगावचा माणूस कामावर येतो तो त्याच गाडीनं.

हप्त्याचं तर बोलायलाच नको. रोजंदारीवाल्याकडं पगाराची स्लिप नाही, म्हणून बँक दारातूनच परत पाठवते. मग फायनान्स कंपनी जास्त व्याजानं वीस वर्षांसाठी मानेवर बसते. दोस्तहो, हप्ता हा मुकादमाचा सगळ्यात जवळचा माणूस. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो संपाला हात वर करताना दहादा मागं बघतो.

एवढा हिशेब कोणीही करील. आपल्या हिशेबात एक रकाना जास्तीचा आहे, नावाचा.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबियाचं शिक्षण होतं, महाराजांची नोकरी होती. खोली नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. एक मित्र हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही घरात घेतलं नाही. कामाठी बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. नव्या शहरात जाणाऱ्या आपल्या प्रत्येकानं हा प्रसंग पाठ करावा, रडण्यासाठी नाही, शिकण्यासाठी. पदवी, पगार आणि राजाचा हुकूम तिन्ही हातात असून खोली मिळाली नाही. आणि नाव लपवून मिळालेली खोली अकरा दिवस टिकली.

आज काठ्या दिसत नाहीत. आज गोड बोलणं असतं. शिरगावात एका दलालानं मला विचारलं, "पूर्ण नाव काय?" सांगितलं. तो म्हणाला, "बिल्डिंग चांगली आहे हो, सगळी आपलीच माणसं." मी विचारलं, आपली म्हणजे कोण? तो चहा मागवायला उठला. विकत घेणाऱ्याचा पैसा चालतो, भाड्यानं मागणाऱ्याचं आडनाव चालत नाही, ही यांची नवी शिवाशिव. आणि आपल्यातलेही काही शहाणे तिथं गेल्यावर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेतात, चौदा एप्रिलला गावी जातो म्हणून सांगतात. चाळीस लाख देऊन यांनी काय घेतलं? अकरा दिवसांची धर्मशाळा.

मग जायचंच नाही का? तसं म्हणणारा मी कोण? जाणं हा तर आपला कार्यक्रम होता. गावगाड्यात आपल्याला माणूसपण नाही हे ओळखून जुलै १९४२ला नागपूरच्या परिषदेत आपल्या लोकांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यावर कोरडे ओढले. पण नागपूरच्या मागणीतली खुबी बघा. ती एकेकट्यानं पळण्याची नव्हती, वस्तीनं उठून वस्तीनं बसण्याची होती.

शिरगावच्या शेजारीच उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले, बराकीत राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचं शहर झालं. अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच म्हणतात. त्यांच्या हातात पिढ्यांचा धंदा होता, कपाळावर अस्पृश्यतेचा शिक्का नव्हता. हा फरक मी विसरत नाही. पण ते एकगठ्ठा आले, दुकानं-शाळा सोबत उभ्या केल्या, म्हणून त्यांची भाषा, त्यांचं नाव कोणाला पुसता आलं नाही.

याच लाईनवर उलटं उदाहरणही आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले आणि कामगाराला घर कुठं दाखवलं? बदलापूरच्या पुढं, वांगणीला आणि शेलूला. जुलै २०२५ मध्ये म्हातारे गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर बसले, आम्हाला मुंबईतच घर पाहिजे म्हणून. वांगणी वाईट नाही. पण जाणं वेगळं आणि धाडलं जाणं वेगळं. आपल्या मर्जीनं गेलेला माणूस घर करतो. धाडलेला माणूस हद्दपार असतो, मग फ्लॅटला टाईल्स कितीही चकचकीत असू देत.

तर माझं मत असं. ज्याला झेपतंय त्यानं जावं. पण चार गोष्टी गाठीला बांधून.

एक, इथल्या खोलीचे कागद, रेशनकार्ड, लाईटबिल, पुराव्याचा एकेक चिटोरा जपा. दलालाच्या पन्नास हजारांच्या नोटांवर भाळून मुंबईवरचा हक्क विकू नका.

दोन, तिथली इमारत पावसाळ्यात जाऊन बघा. उल्हास नदी काय करते ते २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मधे अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दाखवलंय. सातबारा, परवानगी, महारेराचा नंबर, भोगवटा प्रमाणपत्र मागा. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं मेली. स्वस्त घराची किंमत कधी कधी अशी वसूल होते.

तीन, एकटे जाऊ नका. एका वस्तीतल्या पाच-दहा घरांनी मिळून एकाच आवारात घ्या. म्हणजे मयताला खांदा द्यायला माणसं असतील आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायलाही असतील.

चार, दारावर पूर्ण नाव लिहा. पहिल्याच दिवशी.

आमच्या घरात आई म्हणते जाऊ, धाकटा म्हणतो नको. मी मधे आहे असं मी म्हणणार नाही. मी आईच्या बाजूचा आहे. गल्लीतली आणखी सहा घरं तयार झाली की आम्ही शिरगावला जाणार. चार झालीत. दोघांची वाट बघतोय, आणि तोवर पाटीवर अक्षरं केवढी काढायची ते ठरवतोय.

जयभीम.