गृहोपवन : मॉन्स्टेरा आणि त्याचें पाणी

मागील अंकीं तुळशीच्या निगेविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचक भगिनीनें सुचविलें कीं, दिवाणखान्यांत ठेवतात त्या मोठ्या, चिरलेल्या पानांच्या झाडाविषयींही लिहावें. त्या झाडाचें नांव मॉन्स्टेरा. त्याविषयीं लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, तें मरणाच्या दारीं पोंचविण्याचें कर्म माझ्याच हातून घडलें आहे.

हें झाड मूळचें दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील अरण्यांतलें. लीबमन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १८४९ सालीं त्यास मॉन्स्टेरा डेलिसिओसा हें नांव दिलें. नांव परकें असलें तरी कुल आपल्या ओळखीचें. अळू व सुरण हीं त्याचीं सगोत्रच होत. रानांत तें हवेंत मुळें सोडीत मोठ्या वृक्षांच्या आधारानें वर चढतें. कोवळ्या रोपाचीं पानें अखंड असतात. रोप वाढूं लागलें म्हणजे नवीं पानें चिरा व छिद्रें घेऊनच उलगडतात. तेव्हां पान फाटलें म्हणून कोणीं घाबरूं नये.

आमची धाकटी कन्या सासरीं जातांना ही कुंडी माझ्या स्वाधीन करून गेली. सकाळीं स्नानानंतर तुळशीला पाणी घालावें, तसा एक तांब्या मी हिच्यांतही ओतूं लागलों. दुपारीं नातवंडांची आजी, सायंकाळीं सूनबाई, असें प्रत्येकीचें प्रेम स्वतंत्रपणें चालूं होतें. थोड्याच आठवड्यांत खालचीं पानें पिवळीं पडलीं व देंठ लवले. झाड तहानलें असें समजून आम्ही सर्वांनीं पाणी आणखी वाढविलें! शेवटीं कुंडी उपडी केली, तों मुळें काळीं पडून बोटानें सुटत होतीं आणि मातीस कुजका वास येत होता.

कारण साधें आहे. मुळांनाही हवा लागते. माती सदा चिंब राहिली कीं तींतील हवेची जागा पाणी घेतें, मुळें गुदमरून कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषितां येत नाहीं. मग पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेल्यासारखें मान टाकतें. पानांवरून निदान करणारा येथें हमखास फसतो. म्हणून निदान मातीवरून करावें. अति तेथें माती, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

कुजलेलीं मुळें कापून, पांढरीं व घट्ट तेवढीं ठेवून, पोयटा, वाळू, पालापाचोळ्याचें खत व कोळशाचे तुकडे यांच्या भुसभुशीत मिश्रणांत झाड पुन्हां लावलें. दोन पानें उरलीं, परंतु झाड जगलें. तेव्हांपासून आम्ही पुढील नियम पाळतों. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. कोरडें लागलें तरच, तळाच्या भोंकांतून निथळेपर्यंत पाणी द्यावें आणि ताटलींत सांचलेलें ओतून टाकावें. पावसाळ्यांत माती सावकाश वाळते, म्हणून अंतर वाढवावें. उजेड भरपूर असावा, पण दुपारचें ऊन नको. त्यानें पानें करपतात. आधारास काथ्या गुंडाळलेला सोटा रोवून हवेंतील मुळें त्याकडे वळवावीं. पानें ओल्या मऊ फडक्यानें पुसावीं. चकाकीसाठीं खोबरेल लावूं नये.

एक इशारा अवश्य देतों. कच्च्या अळवाप्रमाणें याच्याही पानांत व देंठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंड व घसा यांची आग होते, सूजही येते. रांगतें मूल घरांत असल्यास कुंडी त्याच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी.

दिवाळींत कन्या माहेरीं आली, तेव्हां कुंडी तिच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच मीं सर्व हकीकत सांगितली. ती रागावली नाहीं. मुकाट्यानें झाडाजवळ बसून राहिली, हेंच मला अधिक लागलें. यंदा झाडास सात पानें आहेत. हवेंतील मुळासह एक पेर कापून तिनें तें पाण्यांत ठेवलें. त्यास मुळें फुटलीं आणि तें रोप आतां तिच्या घरीं आहे. आमच्याकडे पाण्याचें काम एकट्या सूनबाईंकडे सोंपविलें आहे. माझ्याकडे पानें पुसण्याचें काम आहे.