एकच क्रेडिट, हो का?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत बारावीला आहे. पियानो वाजवते, आणि तिला संगीताबरोबर कॉम्प्युटर सायन्सही करायचंय. कॉलेजांची तुलना करायला एक्सेल शीट अर्थातच मी बनवली :) फी, स्कॉलरशिप, रँकिंग सगळं टाकलं. एन्सेम्बलचा कॉलम मात्र विसरलो.

काका म्हणाले, "अरे, एकच क्रेडिट आहे त्याला!"

हीच तर गोम आहे. तिकडे बॅचलर ऑफ म्युझिकला बहुतेक ठिकाणी जवळजवळ दर सेमिस्टरला ऑर्केस्ट्रा, बँड नाहीतर कॉयर सक्तीचं असतं. क्रेडिट एक, कधी चक्क शून्य. तालमी मात्र आठवड्याला चार-पाच तास, कॉन्सर्ट जवळ आली की आणखी. साध्या विषयात एका क्रेडिटला वर्गातला एकच तास धरतात! आमच्या मॅनेजरने असं एस्टिमेट दिलं असतं तर आम्ही त्याला फाडून खाल्लं असतं.

त्यातून पियानोवाल्यांना ऑर्केस्ट्रात जागा कुठे? काही कॉलेजं त्यांना सरळ कॉयरमध्ये उभं करतात, काही ठिकाणी गायकाला साथ केलेली चालते. केवढा फरक आहे हा! आणि तो ब्रोशरमध्ये नाही, हँडबुकच्या पोटात दडलेला.

सक्तीला माझा विरोध नाही. दुसऱ्याचं ऐकत वाजवणं खोलीत एकट्याने बसून येत नाही. पण तास लपवता कशाला?

बी.ए.ला ही सक्ती सहसा कमी असते. तोही कॉलम टाकलाय. काकांना अजून पटलेलं नाही.