सन २०२४ : आजाचा पराक्रम आणि नातवाची नोकरी

इसवी सन २०२४ चा जमाखर्च मांडावयास आम्ही बसलों तेव्हां एक गोष्ट प्रथम नजरेंत भरली. इतक्या खुर्च्या एकाच वर्षांत हाललेल्या आमच्या स्मरणांत नाहींत. आफ्रिकेंतील सेनेगल देशांत १४ मार्चला तुरुंगांतून सुटलेला बासिरू दियोमाय फाय हा गृहस्थ २४ मार्चला अध्यक्ष म्हणून निवडून आला! दक्षिण आफ्रिकेंत १९९४ पासून अढळ असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला मे महिन्यांत निम्मीं मतेंही पडलीं नाहींत. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षानें ३ डिसेंबरच्या रात्रीं लष्करी कायदा पुकारला. तेव्हां तेथील कायदेमंडळाचे सभासद कुंपणावरून उड्या टाकून आंत शिरले व १९० जणांनीं एकमुखानें तो हुकूम रद्द ठरविला. पांच दिवसांनीं सीरियांतील असद घराण्याची बापापासून लेकाकडे आलेली गादी उलटली. हें सर्व वाचकांनीं दैनिकांत वाचलेंच असेल.

परंतु आमच्या बहुजन वाचकांनीं बारकाईनें पाहण्याजोगें प्रकरण बांगला देशचें आहे. कारण तेथें ठिणगी पडली ती नोकऱ्यांतील राखीव जागांवरून, आणि आमच्याकडील कित्येक शहाण्यांनीं लगेच टाळ्या पिटल्या कीं, पाहा, राखीव जागांचा शेवट असा होतो! ह्या शहाण्यांनीं मूळ प्रकरण वाचलेलें दिसत नाहीं.

त्या देशांत सरकारी नोकऱ्यांपैकीं शेंकडा ५६ राखीव असत. त्यांत १९७१ च्या मुक्तियुद्धांत लढलेल्यांच्या घरांसाठीं ३०, स्त्रियांसाठीं १०, जिल्हेवार १०, डोंगरी व इतर अल्पसंख्य जमातींसाठीं ५ आणि अपंगांसाठीं १. म्हणजे निम्म्याहून अधिक वांटा मागासलेपणावर नव्हे, तर जन्मावर! आधीं योद्ध्याला, मग त्याच्या मुलाला, मग नातवाला. ज्यांनीं रक्त सांडलें त्यांना पेन्शन द्या, जमीन द्या, मानाचें पान द्या; आमची हरकत नाहीं. पण आजाच्या पराक्रमावर नातवानें कचेरींत बसावें ह्याला आमच्या भाषेंत वतन म्हणतात, आणि वतन म्हणजे काय हें ह्या पत्राच्या वाचकांना आम्हीं शिकवावयास नको. शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं करवीर संस्थानांत निम्म्या जागा राखल्या त्या ज्यांना विद्येचें दार बंद होतें त्यांच्यासाठीं. दोन्हींस एकच नांव देणें ही लबाडी आहे.

ही पद्धत २०१८ सालीं वरच्या नोकऱ्यांतून काढून टाकली होती. ५ जून २०२४ रोजीं हायकोर्टानें ती पुन्हां लागू केली आणि मुलें रस्त्यावर आलीं. सगळ्याच राखीव जागा उडवा अशीही त्यांची मागणी नव्हती. मागासलेल्यांपुरत्या थोड्या ठेवा, असें तीं म्हणत होतीं. त्यावर पंतप्रधान शेख हसीनाबाईंनीं १४ जुलैला विचारलें कीं, योद्ध्यांच्या नातवांना नाहीं तर काय रझाकारांच्या नातवांना जागा द्यावयाच्या? (तिकडे रझाकार म्हणजे पाकिस्तानी फौजेला सामील झालेले लोक. आमच्या मराठवाड्यांतील वाचकांस हा शब्द निराळ्या कारणानें ठाऊक आहे.) दोन दिवसांनीं रंगपूरला अबू सय्यद नांवाचा गरीब घरचा विद्यार्थी हात पसरून पोलिसांपुढें उभा राहिला, त्याला गोळ्या घातल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशींत दीड महिन्यांतील मृतांचा आंकडा १,४०० पर्यंत असावा असें निघालें. ५ ऑगस्टला बाई देश सोडून हिंदुस्थानांत आल्या.

आतां पुढील हिशेब पाहा. मधल्या काळांत, २१ जुलैला, तेथील सुप्रीम कोर्टानें निकाल दिला व २३ जुलैला सरकारनें तसा हुकूम काढला: शेंकडा ९३ जागा गुणांवर, योद्ध्यांच्या मुलांना ५, अल्पसंख्य जमातींना १, अपंग व तृतीयपंथी मिळून १. वतनदारी ३० वरून ५ वर आली हें उत्तमच झालें. पण उरलेल्या सातांतही पांच जन्मालाच आणि खऱ्या दुबळ्यांना अवघ्या दोन! डोंगरांतील जमातींचे पांच होते त्यांचा एक झाला. त्यांनीं कोणाचें घोडें मारलें होतें? जिल्ह्यांचे दहा गेले, स्त्रियांचे दहा गेले. ढाक्याच्या कित्येक मुलींनींच आम्हांस राखीव जागा नकोत असें म्हटलें होतें, हें खरें. राजधानींत शिकलेल्या मुलीनें तसें म्हणावें ह्यांत तिचा पाणीदारपणा दिसतो; पण खेड्यांतील मुलीच्या वतीनें तें म्हणण्याचा अधिकार तिला कोणीं दिला?

अबू सय्यद ज्या विद्यापीठांत शिकत होता त्याला बेगम रोकेया ह्या बाईंचें नांव आहे. ह्या बाई त्याच रंगपूर मुलखांत १८८० सालीं जन्मल्या, रात्रीं भावाजवळ चोरून अक्षरें शिकल्या, आणि १९११ सालीं कलकत्त्यास मुसलमान मुलींची शाळा काढून पोरी मिळविण्यासाठीं आईबापांच्या दारोदार फिरल्या. २३ जुलैच्या हुकुमांत त्या मुलखांतील मुलींच्या नांवावर शेंकडा एकही जागा राहिली नाहीं.