दक्षिणेचं आकाश

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावातल्या हौशी छायाचित्रकारांनी मे महिन्यातली अमावास्या वाया घालवू नये. वळवाचे ढग नसतील, तर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 24 अंशांवर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. सुमारे 17 हजार प्रकाशवर्षं दूर, जवळपास एक कोटी ताऱ्यांचा! लंडन-बर्लिनच्या हौशींना तो घरून कधीच दिसत नाही. आपल्याला तो शेताच्या बांधावरून टिपता येतो, हे केवढं भाग्य. महागड्या दुर्बिणीचं नंतर बघू. साधा डीएसएलआर, 50 मिलिमीटरची लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड एवढ्यावर सुरुवात होते. पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात, म्हणून एक्स्पोजर चार-पाच सेकंदांचंच ठेवायचं. असे शंभर फोटो डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले, की चित्रातली खरखर साधारण दहापटीने कमी होते. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेशी जोडलेल्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने 2021 मध्ये पन्नास हजारांहून अधिक चौकटी रचूनच चंद्राचं गाजलेलं छायाचित्र साकारलं. अंधार मात्र विकत मिळत नाही. पथदिवे बदलताना ग्रामपंचायतींनी वरून झाकलेले, उजेड फक्त रस्त्यावर टाकणारे दिवेच घ्यावेत.