बिनमातीची शेती आणि शेतकऱ्याची सवलत

चिकपेटेत सराफी दुकानांमागच्या एका बोळात माझे एक स्नेही राहतात. मूळचे विट्याकडचे, व्यवसाय सोन्याच्या गलाईचा. १६३८ नंतर शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून या शहराला मराठी माणूस नवा नाही. पण मला गावी गेल्यासारखे वाटते ते खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने देशभर पांगवलेल्या या गलाईवाल्यांच्या घरी. मागच्या भेटीत वहिनींनी मुलाने फोनवरून मागवलेले लेट्यूसचे एक पाकीट पुढे ठेवले. बिनमातीचे, बिनफवारणीचे, धुण्याची गरज नाही, असे त्यावर छापलेले. "भाऊजी, तुम्ही सरकारी माणूस. न धुता खाल्लं तर चालतंय का हे?"

माझे खाते वेगळे आहे, असे सांगून सुटता आले असते. ही कला आम्हा अधिकाऱ्यांना उत्तम साधलेली असते. तरी घरी येऊन कायदा उघडला.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याचे कलम १८, पोटकलम ३ असे सांगते की हा कायदा शेतकरी, शेतीची कामे व शेतावरचे पीक यांना लागू होणार नाही. तरतूद योग्यच आहे. विहिरीच्या पाण्यावर दोन गुंठे मेथी करणाऱ्या बाईमागे निरीक्षक लावण्याने मेथी शुद्ध होणार नाही, निरीक्षकाची मात्र सोय होईल. माझा आक्षेप निराळा आहे. बंदिस्त शेडमध्ये पंपाने पाणी फिरवणारा, यंत्राने तापमान राखणारा, पगारी कामगार व गुंतवणूकदार बाळगणारा उद्योग त्याच बाईच्या पदराआड उभा राहतो. पाकिटे बांधून विकणाऱ्यास परवाना लागतो, हे खरे. पण मुळांखालून फिरणाऱ्या पाण्यापर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. धोका तर तेथेच आहे.

माती नाही म्हणजे जंतू नाहीत, हा समज जाहिरातीने रुजवलेला आहे. साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा ई. कोलायचे घातक प्रकार मातीवाचूनही येतात: बियाण्यातून, दूषित पाण्यातून, उंदीर-पक्ष्यांच्या विष्ठेतून, कामगाराच्या न धुतलेल्या हातांतून. शेतात एका वाफ्याला लागलेली घाण पुष्कळदा त्या वाफ्यापुरती राहते. येथे एकच टाकी शेकडो रोपांना पाणी पाजते आणि तेच पाणी परत टाकीत येते. प्रयोगांत काही जंतू मुळांवाटे पानांच्या आतही शिरलेले आढळले आहेत. तेथे वरून धुऊन काय साधणार?

हा केवळ तर्क नव्हे. २०२१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका बिनमातीच्या हरितगृहातील पालेभाजीने ३१ जण साल्मोनेलाने आजारी पडले. रोगाचा तोच वाण हरितगृहालगतच्या पावसाळी पाण्याच्या तळ्यात सापडला. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीने (होय, आपल्याच मेथीने) पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्याआधी संशय स्पेनच्या काकड्यांवर घेतला गेला होता आणि तेथील शेतकऱ्यांचे विनाकारण अतोनात नुकसान झाले.

प्रशासकाने विशेष ध्यानात ठेवावे असे प्रकरण जपानमधील साकाई शहराचे आहे. १९९६ मध्ये तेथे नऊ हजारांहून अधिक लोक, बहुतांश शाळकरी मुले, ई. कोलाय ओ१५७ ने आजारी पडली. पाण्यावर वाढवलेल्या मुळ्याच्या मोडांवर सरकारने जाहीर संशय घेतला. बाजार कोसळल्यावर आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी कॅमेऱ्यासमोर तेच मोड खाऊन दाखवले. पुढे उत्पादक न्यायालयात गेले आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. आधी नियम नव्हता, म्हणून नंतर पुरावा नव्हता. पुरावा नसताना बोलावे लागले आणि बोललेले निस्तरावे लागले.

यावर 'पुन्हा इन्स्पेक्टर राज आणता का?' असा प्रश्न येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जॉर्ज ॲकरलॉफचा १९७० चा निबंध आठवावा. जुन्या मोटारीतील दोष गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून चांगल्या मोटारीलाही वाईट मोटारीचाच भाव मिळतो आणि चांगला विक्रेता बाजार सोडतो. पानावरचा जंतूही दिसत नाही. पाण्याच्या तपासणीवर खर्च करणारा आणि केवळ पाकिटावर छापणारा, दोघांना भाव सारखाच. नियमाची गरज पहिल्यालाच अधिक आहे.

अमेरिकेत मोड काढणाऱ्या उत्पादकांना प्रत्येक खेपेच्या वापरलेल्या पाण्याची किंवा मोडांची जंतुतपासणी करावी लागते. अगदी लहान उत्पादक वगळलेले आहेत. आपल्याकडेही कलम १८ ची सवलत त्या दोन गुंठेवालीसाठी राखावी आणि कच्चा खाण्यासाठी पाला वाढवून पाकिटात विकणाऱ्याच्या टाकीतील पाण्याची नियमित तपासणी सक्तीची करावी. 'धुण्याची गरज नाही' हे शब्द तपासणीच्या दाखल्याशिवाय छापू देऊ नयेत. यासाठी नवे खाते नको, नवी गाडी तर नकोच.

वहिनींना मी फोनवर इतकेच कळवले की कायदा याबाबत गप्प आहे. "मग शिजवतेच," त्या म्हणाल्या. त्या रात्री चिकपेटेत लेट्यूसची डाळ-दाणे घालून पातळ भाजी झाली. मुलाने ताट बाजूला सारले, असे कळते.